पाणी कुठवर आलंय?

आमच्या गावात पूर मारुतीच्या अंगावर मोजतात.
घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, कमरेला लागलं.
दुतोंड्याच्या गळ्याशी पोचलं
की भांडी बाजार माळ्यावर चढतो
आणि सराफांकडे रात्रभर दिवे जळतात.

मी कॅनडा कॉर्नरला, तिसऱ्या मजल्यावर,
एका पोर्टलमध्ये मथळे लिहितो.
खाली चष्म्याचं दुकान.
पगार दहा तारखेला, कधी सतरा.
भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर फक्त एक आकडा:
या क्षणी किती जण वाचताहेत.
आकडा लाल झाला की बागुल सर खुर्चीतून उठतात.

त्या बुधवारी तो लाल होता.
गंगापूरमधून पाणी सोडलेलं, थोडंसं, दरवर्षीसारखं.
बागुल सर म्हणाले, मारुती टाक.
मी विचारलं, आजचा?
म्हणाले, चांगला टाक.

चांगला म्हणजे गळ्यापर्यंतचा.
कुठल्याशा जुन्या पुरातला; फोल्डरमध्ये असतोच.
कडेला एका रसवंतीची पाटी दिसत होती,
ती रसवंती आता तिथं नाही.
मी पाटी कापली.
एवढंच केलं. पाटी कापली.

मग मथळा:
पाणी सोडलं, सांगितलं नाही! कुणाच्या फोनची वाट पाहत होते?
कुणाच्या, ते लिहायचं नसतं.
बातमीखाली ज्यांच्या वाढदिवसाची पट्टी सरकत असते
ते सोडून जो उरतो, तो.
वाचक हुशार असतो.
आणि शेवटी प्रश्नचिन्ह.
ते लावलं की वकिलाचं पत्र येत नाही,
आलंच तर म्हणायचं, साहेब, आम्ही फक्त विचारलं.
कधी नीट बघा त्याच्याकडे.
गळच आहे तो. खाली आमिषाचा ठिपका.

साडेआठला माझी बातमी मलाच परत आली.
सिडकोतल्या आत्यानं पाठवली होती,
जपून ये रे, पुलावरून येऊ नकोस.
नऊला ती शाळेच्या ग्रुपवर दिसली, तोवर थोडी वाढली होती,
तिच्यात एक बस वाहून गेली होती.
बस मी लिहिली नव्हती.
दहाला बसमध्ये चाळीस माणसं होती.

तांबट गल्लीत मोरेश्वर वडनेरे, वय बहात्तर,
हंडे माळ्यावर नेत होते. एकेक करून.
पंधराव्या हंड्याला शिडी सरकली.
हंडा म्हणे वाजत वाजत पार रस्त्यापर्यंत गेला,
शेजाऱ्यांना आधी तो सापडला.
मग ते.
खुबा मोडलाय.

मला हे कसं कळलं?
बातमी म्हणून आलं, मीच लावलं:
पुराच्या धास्तीनं वृद्ध जखमी.
बागुल सर म्हणाले, बघ,
म्हणजे धास्ती होतीच ना.

अकराला गाडी काढली.
रविवार कारंजावरून खाली उतरलो
आणि गाडगे महाराज पुलावर थांबलो.
आत्याला सांगितलं नाही.
पुलावर वीस-तीस जण, हातातले मोबाइल उंच धरलेले.
कुणीतरी भेळेची गाडीसुद्धा आणली होती.
खाली मारुती उभा,
पाणी त्याच्या घोट्याशी चुळबुळत होतं.
दोन तोंडं असून
तो एकच गोष्ट सांगत होता.

शेजारी एका पोरानं बापाला विचारलं,
पप्पा, पाणी कुठवर आलंय?
बाप स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला,
गळ्यापर्यंत.
पोरगं कठड्यावरून वाकलं,
बराच वेळ खाली बघत राहिलं,
मग म्हणालं,
कुणाच्या?

मी हेल्मेटची काच खाली ओढली.
सकाळी सातची शिफ्ट होती.